काचेवरचा मोतीबिंदू

१७ सप्टेंबर, बुधवार

पोचले एकदाची. उदगीर ते बीदर, बीदर ते हळ्ळीखेड, आणि दोन्ही बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. नवरात्र बसायच्या आधीच देवी पावली म्हणायची. आज सतरा सप्टेंबर, मुक्तिदिन, त्यामुळे वाटेतल्या शाळाशाळांवर झेंडे आणि पोरांच्या हातात बुंदी. महेशकुमार स्टँडवर गाडी घेऊन उभा होता. बंगळुरातली नोकरी सोडून आलाय, आणि बापाच्या बंद सूतगिरणीत जुन्या यंत्रांचं संग्रहालय काढायचं त्याच्या डोक्यात बसलंय. पहिल्याच मिनिटाला मला अक्का म्हणायला लागला. मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये शिरतो आणि त्याचा त्यालाच पत्ता नसतो.

गिरणी गावाबाहेर, तुरीच्या शेतांत. संगणकाची खोली आतल्या बाजूला, बिनखिडकीची. तिथं एकेकाळी ए.सी. होता म्हणे, माणसं घामाने निथळायची आणि यंत्रं गारव्यात बसायची. टेबलावर माझे चार पेशंट ओळीने मांडलेत, गिरणीच्या संगणकाचे चार टर्मिनल. टर्मिनल म्हणजे अख्खा संगणक नव्हे, त्याचं नुसतं तोंड: जुन्या टीव्हीसारखा फुगीर पडदा आणि खाली टाइप करायची पाटी. चौघांनाही मोतीबिंदू. पडद्याच्या ट्यूबवर संरक्षणासाठी आणखी एक जाड काच चिकटवलेली असते. दोन्ही काचांमधला चिकट थर वर्षानुवर्षं सडतो आणि पांढुरके गोल डाग कडेकडेने आत पसरत जातात. आमच्या धंद्यात त्याला मोतीबिंदूच म्हणतात. हे चौघे मात्र विचित्र आहेत. यांचे डाग मधोमध सुरू होऊन बाहेर पसरलेत.

महेशचे वडील शिवशंकरप्पा गिरणीच्या आवारातच राहतात. त्यांच्याही दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ताट सरकवून उठतात. पोरगा मशीनचे डोळे करायला माणूस आणतो आणि बापाचे तसेच ठेवतो, असं मी म्हटलं. महेश हसला. म्हातारा हसला नाही.

अप्पांना फोन केला. ही सगळी कला त्यांची. उदगिरात त्यांनी जन्मभर टीव्ही दुरुस्त केले आणि मी टेबलाखाली स्क्रूशी खेळत मोठी झाले. खंडेनवमीला मशीन सुरू करून दाखवते म्हटल्यावर, येतोच म्हणाले. चाळिशी विसरू नका म्हटलं. विसरणार. चाळिशी घेऊन घराबाहेर पडलेले अप्पा कुणी पाहिलेले नाहीत. मग माझ्यापुढे कागद धरून वाच गं वाच गं करतात.

२० सप्टेंबर, शनिवार

पहिल्या मशीनचं ऑपरेशन झालं. मी खूश आहे, आणि स्वतःची पाठ थोपटायला इथं दुसरं कुणी नसल्यामुळे वहीतच थोपटून घेते.

आधी ट्यूबमध्ये दबा धरून बसलेला करंट मारला, नाहीतर तो मला मारतो. मग दोन काचांच्या मधून तापलेली तार घातली. इस्त्रीत असते तसली बारीक तार. तिला करंट दिला की लाल होते आणि लोण्यातून दोरा जावा तशी त्या सडक्या थरातून जाते. घाई केली की ट्यूब फुटते, आणि ती फुटली की काचा डोळ्यांतच येतात. पुढची काच अलगद सुटली. आतला थर खरवडला. आंबलेल्या पेंडीसारखा वास. दोन्ही काचा धुऊन, नवा गोंद घालून परत बसवल्या. मशीन लावलं तर हिरवी अक्षरं कशी टपोरी!

मग आमच्या दुकानाचा रिवाज. दुरुस्त होऊन उजळलेल्या प्रत्येक मशीनच्या काचेला कुंकवाचं बोट. माझ्या हत्यारांच्या पेटीत कुंकवाची डबी असतेच. राखणदार हावगेप्पा चहा घेऊन आला होता, तो ते बोट बघून दारातच थबकला. कुंकू लावलंव, मग कुंबळकाई कुटं हाय, असं त्याने विचारलं. कुंबळकाई म्हणजे कोहळा. खंडेनवमीला गिरणीतल्या प्रत्येक यंत्रापुढं कोहळ्यात कुंकू भरून तो फोडायची इथली रीत. फक्त या चौघांपुढं कधी फोडला नाही. महागाची परदेशी मशीन, कोहळ्याचं पाणी आत गेलं म्हणजे? मालक म्हणाले, ह्यांना नुसतं कुंकू पुरे. दरवर्षी नुसतं कुंकूच लागत गेलं. शेवटी एका खंडेनवमीला भुवनेश्वरी नावाची मशीनवर बसणारी बाई इथंच गेली. ट्यूब तोंडावर फुटली, असं हावगेप्पा जमिनीकडे बघत म्हणाला.

मी चारही ट्यूब तपासल्यात. एकही कधी फुटलेली किंवा बदललेली नाही. पण हे मी त्याला बोलले नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज घट बसले. दुसरं मशीनही झालं. त्यालाही कुंकू.

दुपारी एक गंमत झाली. बंद पडद्याच्या काळ्या काचेत मागची खोली दिसते. हावगेप्पा मागून चहा घेऊन आला, ते काचेत दिसलं. धोतर, सदरा, हातातली कपबशी, सगळं जागच्या जागी. खांद्यांच्या वर मात्र डोक्याऐवजी काहीतरी पांढुरकं, गोल, मोठं. मी मागं वळले तर हावगेप्पाच, पान खाल्लेले दात काढून हसतोय. नव्या गोंदात हवेचा बुडबुडा राहिला असणार. बोटाने दाबून पाहिलं, बुडबुडा नाही. उद्या बघू.

संध्याकाळी शिवशंकरप्पा काठी टेकत आले आणि चारही काचांवरून बोटं फिरवली. साफ केलेल्या दोन त्यांनी नुसत्या स्पर्शाने ओळखल्या, हे मला कळेना, कारण बाहेरून चारही सारख्याच गुळगुळीत. पडदा कामून काढलास, म्हणाले. पडदा होता म्हणून बरं होतं, परत घाल. सडका थर परत कसा घालणार, असं मी समजावायला गेले तर काठी टेबलावर आपटली. महेशने त्यांना धरून नेलं आणि नंतर माझी माफी मागितली. मला राग आला नाही. बरं काम केलं की कुणीतरी ओरडतंच.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज कोहळा फोडला. हावगेप्पाने आणून ठेवला असावा. मी पहिल्या मशीनपुढं बसले होते आणि काचेत तो मागं दिसला, जमिनीवर, चांगला पिकून सालीवर पांढरी राख धरलेला. म्हटलं खंडेनवमीपर्यंत थांबायचं कशाला. उचलला आणि टेबलाच्या कोपऱ्यावर फोडला. पहिल्या तडाख्यात नाही फुटला, दुसऱ्यात फुटला. आतून बराच ओला निघाला. हात धुतले, जेवले, गाढ झोप लागली.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी कोहळ्याच्या फोडी टाकायला गेले.

गिरणीतला काळा कुत्रा होता. माझ्या चपलांपाशी येऊन बसायचा. डोकं राहिलं नव्हतं.

बराच वेळ नळाखाली हात धरून उभी राहिले. नखांत होतं ते कुंकू नव्हतं. मी कुत्र्याला पोत्यात घालून तुरीत पुरून आले. मला भीती वाटतेय, हे सरळ लिहून टाकते. माझे हात हीच माझी पुंजी आहे आणि त्यांनी काय केलं ते मला त्या वेळी कळलं नाही.

महेशला सांगितलं. मोकळ्याढाकळ्या माणसाचं असतं तसं त्याचं: आधी हसला, मग माझा चेहरा बघून म्हणाला, गोंदाच्या वासाने डोकं फिरलं असेल अक्का, दोन दिवस काम बंद ठेवा. अप्पांना फोन केला तर ते मात्र हसले नाहीत. एवढ्या मोठ्या मशीनला कुंकू लावून तसंच सोडलंस, असं म्हणाले. नवरी बोहल्यावर उभी करून वऱ्हाड उपाशी ठेवल्यासारखं झालं ते. कुंकू कधीही लावता येतं, कोहळा खंडेनवमीलाच फुटतो. परसातल्या वेलावर एक मोठा धरलाय, तो घेऊनच येतो. तोवर काचा झाकून ठेव.

दोन्ही काचांवर घोंगडी टाकली आणि वर सुतळी बांधली. निघून जावं असं फार वाटतंय. पण मी गेले तर ती घोंगडी कोण सांभाळणार? आणि अप्पा तर येणारच.

२९ सप्टेंबर, सोमवार

चार दिवस काहीच नाही. खोलीला कडी. मी बाहेर बसून सोल्डरिंगची बारीकसारीक कामं करते. उरलेल्या दोन मशीनना हात लावणार नाही, असं महेशला सांगून टाकलं. तो नाराज झाला. बसवकल्याणहून, हुमनाबादहून माणसं बोलावलीत, निदान दोन तरी चालू दाखवू म्हणाला. परवा अप्पा कोहळा घेऊन आले की मग, म्हटलं. बरं अक्का, म्हणाला.

शिवशंकरप्पा दिवसभर त्या बंद दारासमोर खुर्ची टाकून बसतात. दिसत काहीच नाही, तरी बसतात.

३० सप्टेंबर, मंगळवार

क्रमाने लिहिते.

सकाळी शिवशंकरप्पा आंघोळीला गेले तेवढ्यात महेशने खोली उघडली. उद्यासाठी झाडून घ्यायची होती, आणि फोटो काढायला त्याने घोंगडी ओढली. मी दारात पोचले तेव्हा तो पडद्याच्या काचेत बघत होता. त्याच्या मागं हावगेप्पा वाकून झाडत होता. मी हाक मारली. महेश वळला. चेहरा अगदी शांत. जड वस्तू उचलायच्या आधी माणूस हात चोळतो तसे त्याने हात चोळले. मग हावगेप्पाचं डोकं दोन्ही हातांत धरून टेबलाच्या कोपऱ्यावर आणलं. पहिला आवाज कोरडा होता. दुसरा ओला. तिसऱ्याला हावगेप्पाचा पाय एवढा झटकला की वहाण माझ्यापाशी येऊन पडली.

महेशने बोट बुडवलं आणि चारही काचांना लावलं. मग मला म्हणाला, अक्का, झाडू दे वो, बिया पसरल्यात सगळीकडं.

मी किंचाळले तेव्हा त्याची नजर काचेवरून सुटली. त्याने खाली पाहिलं. आपल्या हातांकडे पाहिलं. तसा आवाज मी माणसाच्या तोंडून कधी ऐकलेला नाही. मग माझा हातोडा उचलून तो काचेवर धावला. त्याने काचेत परत बघू नये म्हणून मी त्याला मागून धरायला गेले. त्याच्या खांद्यावरून मला

मला कोहळा दिसला. छान पिकलेला. भरपूर वजनाचा आहे, एवढंच मनात आलं.

महेश माझ्या पायाशी पडलाय. चेहरा नाही. माझ्या कोपरापर्यंत

३० सप्टेंबर, नंतर

शिवशंकरप्पा आले. चाचपडत खाली बसले आणि तळव्यांनी फरशी पुसत पुसत मुलापर्यंत गेले. हात कपाळापाशी गेला आणि थांबला, कारण पुढं कपाळ नव्हतं. रडले नाहीत. बराच वेळ त्याचे पाय चेपत बसले.

मग सांगितलं. खंडेनवमीला पूजा झालेलं यंत्र कुणी चालवत नाही. त्यांनी भुवनेश्वरीला बस म्हटलं, ती नाही म्हणाली. हातात शेजारच्या यंत्रापुढं फोडायचा कोहळा होता. काचेत बघितलं तर दोन कोहळे. त्यांनी हातातला खाली ठेवला आणि दुसरा फोडला. ट्यूब फुटली असं सगळ्यांना सांगितलं. त्यानंतर काचा आपसूक पांढऱ्या पडत गेल्या, आणि त्यांनी आपले डोळेही पिकू दिले. म्हणाले, त्या काचंकडं बघितलं की हात आपला राहत न्हाई. एक तर तिला दिसू नये, न्हाईतर आपल्याला.

मग बाहेर जाऊन कुलूप लावलं. दारापलीकडून बोलले. पोरी, तुझ्यावर राग न्हाई. पर तू बघितलंयस. तू भायेर आलीस तर भायेरची माणसं आत येऊन बघतील. पोलीस आणले तर तेबी काचंत बघतील. मी मरस्तवर इथंच बसतो.

त्यांचं बरोबर आहे. फोन माझ्या खोलीत राहिलाय. उद्या अप्पा येणार. त्यांना आत सोडू नका, असं मी दारावर डोकं आपटून सांगितलं. न्हाई सोडणार, म्हणाले.

१ ऑक्टोबर. दिवे चालू, त्यामुळे सकाळ की काय कळत नाही

डोळ्यांना घोंगडीची पट्टी बांधून हातोडा घेतला. काचा फोडायच्याच. अप्पा यायच्या आत. चाचपडत एक, मग दुसरी. ट्यूब धप्पकन फुटल्या. पण पुढच्या काचा — मीच चिकटवलेल्या, काय चांगलं काम केलंय मी — तुकडे खाली पडले ते मोठे मोठेच. कुठं पडलेत माहीत नाही. पायाखाली करकरतात.

पट्टी सरकली. एकदाच. तुकड्यात मीच दिसले. म्हणजे माझ्या खांद्यांवर

माझ्याच हातांनी माझं डोकं टेबलावर. जबडा गेला. दात जिभेत. बोलता येत नाही. पट्टी परत बांधली. आता वहीवर बोट ठेवून ओळ धरते.

नंतर

डोळेच नको. तार आहे. करंट आहे. तापली की वास येतो.

डावा झाला. लिहवत नाही. उजव्याला हात उचलेना — शुद्ध गेली — तार कुठं पडली सापडत नाही —

अप्पांचा आवाज. दारात. शिवशंकरप्पा उघडू नका म्हणायलेत. माझी चैत्रा आत हाय का, विचारतायत. ओरडायचंय, नुसतं रक्त येतं.

आवाज थांबला. शिवशंकरप्पा कुलूप धरून बसले असतील. आता पेचकस. बिजागऱ्या. कुलपाला हात न लावता — अप्पांचीच शिकवण — एक बिजागरी सुटली. अप्पा नका ना. दुसरी.

दार पडलं.

अप्पा आत. पावलं मधेच अडली. महेशपाशी थांबले असतील. पिशवी पडली. काहीतरी गडगडत येऊन माझ्या पायाला लागलं. गार, गोल, राखेने खरखरीत. खरा कोहळा. वेलावरचा.

मोठ्या अक्षरांत लिहिते. अप्पा कुठेही बघू नका. माझी पट्टी सोडू नका. मला सोडून जा.

वही त्यांच्या हातात दिली.

परत माझ्या मांडीवर. चाळिशी नाही. नंतर वाचतो म्हणायलेत, आधी डोळा बघू दे माय. रडायलेत.

मान हलवतेय. हलू नको म्हणतायत. गाठ सोडायलेत — एक डोळा अजून आहे — घट्ट मिटलाय — अंगठा पापणीवर, किती हलका, मशीन उघडायचे तसा — अप्पा नको — उजेड — त्यांच्या मागं भिंतीला टेकून काच — खांद्यांवर केवढा छान, राख धरलेला